घोड्यापुरतं संगीत

वाहनांची प्रतवारी किंमत किंवा वेग यांवरून करणं हे निव्वळ अज्ञान होय. वाहनाचा खरा स्वभाव त्यात नंतर स्पीकर बसवायला घेतल्यावरच कळतो. अमेरिकेत ओहायोतल्या होम्स काउंटीत, दोन मक्याच्या शेतांमधल्या आपल्या दुकानात ड्वेन मास्ट वर्षानुवर्षं हेच काम करत होता, आणि या विषयात त्याचा शब्द अखेरचा मानला जाई (दुसरं कोणी बोलत नसल्यामुळे).

त्याच्या मते जुना पिकअप ट्रक हा सर्वांत सुसंस्कृत. चार स्क्रू काढले की अख्खा डॅशबोर्ड मांडीवर येऊन बसतो. कुटुंबाची व्हॅनही नाही म्हणत नाही. फक्त तिच्या सीटखाली सापडणाऱ्या वस्तूंबद्दल कुठे बोलायचं नसतं. नव्या महागड्या गाड्यांत मात्र रेडिओ हा रेडिओ उरलेला नाही, तो घरचा कर्ता झालेला आहे. त्याला जरा हलवलं की एसी रुसतो, मागचा कॅमेरा डोळे मिटतो आणि ड्रायव्हरची सीट विनाकारण तापू लागते.

अशात एके दिवशी एटली रेबर हा आमिश तरुण आपली घोड्याची बग्गी घेऊन दारात उभा राहिला. आमिश या जुन्या वळणाच्या ख्रिस्ती पंथाचे लोक मोटार बाळगत नाहीत, घरात विजेची तार घेत नाहीत, वाद्यं वाजवत नाहीत. मात्र बाप्तिस्मा होईपर्यंत पोरांना पंथाचे नियम लागू नसतात आणि तोवर वडीलधारे दुसरीकडे बघतात. (बघायला मका भरपूर आहे.)

ड्वेननं बग्गीची पाहणी केली. कॉम्प्युटर नाही, एअरबॅग नाही, रद्द होईल अशी वॉरंटीसुद्धा नाही. सीटखाली ऐसपैस पोकळी. बॅटरी, अ‍ॅम्प्लिफायर, दोन वूफर सगळं जेवणाआधी बसलं. इतकं समजूतदार वाहन त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. त्याला गहिवरून आलं.

मत विचारायचं राहिलं ते फक्त घोड्याचं. हा शर्यतींतून निवृत्त झालेला, नाव सेनेटर. पहिल्या ठोक्याला तो बिचकला, दुसऱ्याला त्यानं कान टवकारले, आणि महिनाभरात तो तालावर दुडक्या चालीनं चढसुद्धा चढू लागला.

मग एटलीचे वडील रोमन दुकानात आले. चालत आले, हीच वाईट बातमी होती. ड्वेनची स्पीकरची लाकडी खोकी आमिश सुतारच बनवत. रविवारच्या प्रार्थनेनंतर रोमनच्या तोंडून एक शब्द गेला असता, तर दुकानाला कुलूपच लागलं असतं.

रोमननी आपली हकिगत शांतपणे सांगितली. त्यांची घोडी लंगडत होती म्हणून त्यांनी रविवारी आपल्या बग्गीला सेनेटर जोडला. मागे बायको आणि पंथाच्या बिशपची म्हातारी आई. घोडा हलेना. त्याला गाणं हवं होतं. शेवटी रोमननी स्वतः एक स्तोत्र म्हटलं. त्यांच्या स्तोत्राचं एक कडवं संपेपर्यंत बटाटे शिजतात. घोडा उभ्या उभ्या झोपला. बायको हसली. हे शेवटचं रोमननी दोनदा सांगितलं.

"एटलीच्या बग्गीतलं सगळं आत्ताच काढतो," ड्वेन म्हणाला.

"काढलंस तर तो घोडा माझ्या अंगणातच म्हातारा होईल." रोमननी टोपी हातात फिरवली. "फक्त घोड्यालाच ऐकू जाईल असं काही बसतं का?"

"आणि तुमचे नियम?"

"नियम सभासदांना आहेत. घोड्याचा बाप्तिस्मा झालेला नाही."

हा निवाडा त्यांचा स्वतःचा नव्हता. बिशपनी पुष्कळ विचार केला होता, चार घरी विचारलं होतं आणि मक्याची कापणी होईपर्यंत मुभा दिली होती. तोवर शेजारधर्मात काही बिघाड दिसला तर बंद.

दुसऱ्या दिवशी एटलीनं सेनेटरला दुकानात आणून सोडलं, मागोमाग रोमनही आले, आणि ड्वेननं घोड्याच्या झापडांमागे दोन इवलेसे स्पीकर बसवायला घेतले. काम चालू असतानाच गावातले दंतवैद्य डॉ. लिंडमन नवी विजेवरची गाडी घेऊन आले. त्यांना दारांतले स्पीकर जरा बरे हवे होते, बाकी काही नाही. ड्वेननं एक स्पीकर काढताच पडद्यावर बारीक अक्षरांचं भलंमोठं पान उगवलं. डॉक्टरांनी न बघता 'मान्य' दाबलं. दुसरं पान आलं. तेही मान्य झालं.

"काय लिहिलंय?" रोमननी विचारलं.

"कोण वाचतंय!"

"मग मान्य कशाला केलंत?"

"नाहीतर गाडी सुरू होत नाही."

"हे कोण ठरवतं?"

"कंपनी."

"भेटलात कधी त्यांना?"

डॉक्टर नाही म्हणाले. आपल्यापेक्षा कडक पंथातल्या माणसाकडे बघावं, तसं रोमन त्यांच्याकडे कळवळून बघत राहिले. "आमचा बिशप हट्टी आहे," ते म्हणाले, "पण त्याचं दार वाजवता येतं."

मग ते सेनेटरला घेऊन निघाले. रस्त्यावर काहीसुद्धा ऐकू येत नव्हतं आणि घोडा झुलत चालला होता.

"काय लोक आहेत," डॉक्टर हसले. "घोड्याच्या गाण्यालासुद्धा परवानगी!" आणि त्यांनी तिसरं पान मान्य केलं.

आपणही हसला असाल, तर उत्तमच. फक्त गेल्या आठवड्यात आपण कशाकशाला 'मान्य' म्हणालात तेवढं आठवून सांगा. घोड्याला निदान ज्याची परवानगी मिळाली, ते गाणं ऐकू येतं.