माल्ट्याची एकदांडी

नामाकाका आमच्याकडे आले की आधी कुंडीतलं रोप उपटतात, मग कसं काय विचारतात. मुळी पाहिल्याशिवाय त्यांना झाडाची ओळख पटत नाही. आमच्या हिच्या तीन मोगऱ्यांची ओळख अशीच कायमची पटली. बार्शीटाकळीला जन्मभर शेवंती पिकवलेला हा माणूस अकोल्यात मुलाकडे राहायला आला, पण हात अजून वावरातच आहेत. त्यांना बोलायची सोय नाही. "मुयीच खरं सांगते बाप्पा, फुल त कोनालेई हासून दाखवते," असं म्हणत ते चौथ्या कुंडीकडे वळतात.

त्यांची लेक शुभांगी दोन वर्षांपासून तिकडे युरोपात, माल्ट्याला नर्स आहे. बापलेकीचा फोन अर्ध्या मिनिटात संपायचा. जेवली का, जेवले का, ठेवू का. मला ते ऐकवत नसे.

यंदा जानेवारीत तिने समुद्राकाठच्या कुरणातल्या एका रानफुलाचा फोटो पाठवला. बोटभर उंची, पांढऱ्या पाकळ्या, मधोमध पिवळी टिकली. काकांनी जागच्या जागी निकाल दिला: एकदांडी, आपल्या धुऱ्याबांधावरचं तण. मी मोबाइलमध्ये शोधून डेझी म्हणालो, तर ते तण मीच पेरल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मग रोज फोन सुरू झाले. पान चमच्यासारखं आहे का, देठावर लव आहे का. शुभांगी ड्यूटीवरून येताना कुरणात ओणवी होऊन उत्तरं द्यायची आणि वीस-वीस मिनिटं बोलायची. शेवटी काकांनी मुळी मागितलीच. तिने एक रोप उपटून कॅमेऱ्यासमोर धरलं. मुळी दोऱ्याएवढी! एकदांडीची मुळी चांगली दांडगी असते. काका हरले, पण नाराज दिसले ते वेगळ्याच कारणाने.

"हे एका हंगामाचं हाय," ते मला म्हणाले. "ऊन तापलं का वाळून जाते. मंग मी काय पाहू?"

दुसऱ्या दिवशी ते व्हिसाचा अर्ज घेऊन माझ्या दारात उभे. मुलाने काढून दिलेला पासपोर्ट इतके दिवस पेटीत पडून होता; माणूस अमरावतीच्या पुढे कधी गेलेला नाही. प्रवासाचं कारण काय लिहू, मी विचारलं. फूल पाहायला, असं त्यांनी न अडखळता सांगितलं. एवढ्यावर कोणी व्हिसा देणार नाही, म्हणून मी 'मुलीची भेट' असं लिहिलं आणि त्यांना वाचून दाखवलं.

काकांचे डोळे भरून आले. त्यांनी ते लपवलेही नाहीत.

"हेच लेहा," ते म्हणाले. "मले सांगताच येत नोतं."