टिटवीची अंडी आणि इटलीची बाग

मुलांनो, गोष्ट सुरू करण्याआधी एक विचारायचं आहे. तुमच्यापैकी कोणीतरी फुलांकडे पाठ करून फुलांसोबत फोटो काढला आहे. नाव घेत नाही. ज्याचं त्याला ठाऊक आहे. आणि वर सगळ्यांना सांगितलंही, की काय सुंदर फुलं होती!

बसा, रडू नका. अशी चूक भल्याभल्यांच्या हातून होते. ऐका.

एका जंगलात एक उद्यान समिती होती. उद्यान नव्हतं.

समितीची बैठक ओढ्याकाठच्या पळसाखाली भरायची. फाल्गुन संपत आला होता. पळसावर औषधालाही पान नव्हतं, नुसता पेटला होता. शेजारच्या करवंदीला पांढरी फुलं आली होती आणि त्यांच्या वासाने मधमाश्या वेड्या झाल्या होत्या. अध्यक्ष वानररावांच्या डोक्यावर एक केशरी फूल टपकन पडलं. त्यांनी ते झटकून टाकलं.

"इथे काही प्रेरणाच मिळत नाही," ते वैतागून म्हणाले.

"इथे कशी मिळणार?" मोर म्हणाला. तो समितीचा सौंदर्य सल्लागार होता. बोलण्याआधी तो पिसारा फुलवायचा, त्यामुळे त्याच्या मागे काय आहे ते कधीच कोणाला दिसत नसे. "प्रेरणा इटलीत असते. वसंतात तर तिथल्या खेडोपाडी रस्त्याच्या कडेला पडलेली असते म्हणे."

समोरच्या उघड्या माळावर टिटवी बसली होती. टिटवी पाय वर करून झोपते, आकाश कोसळलं तर झेलता यावं म्हणून, असं लोक सांगतात. ते खोटं आहे. जंगलातल्या समित्या मात्र याच समजुतीवर चालतात.

"वानरराव, बाग होणार कुठे?" टिटवीने विचारलं.

"तुम्ही बसला आहात ना, तिथेच. सगळीकडे खडी पसरायची. इटलीत तशीच असते."

"इथे माझी अंडी आहेत हो!"

"कुठे? आम्हाला तर दगडच दिसतात."

"तसेच दिसायला हवेत. गेल्या वर्षी रानडुकरांची मिरवणूक इथून गेली आणि एकही वाचलं नाही. या वर्षी तरी पिल्लांचं तोंड बघू द्या."

"घाबरू नका, टिटवीबाई. दौऱ्याआधी काम सुरू करायचं नाही, असा जंगलाचा जुना रिवाज आहे. आधी अभ्यास, मग खडी."

"आणि अभ्यास किती दिवस चालेल?"

"ते अभ्यास किती गोड लागतो त्यावर आहे."

टिटवीने मान लववली. "मग सावकाश या. घाई करू नका. बाहेरचं पाणी जपून प्या."

बाजूच्या खडकावर एक घोरपड ऊन खात पडली होती. तिने एक डोळा उघडला आणि मिटला.

समिती इटलीला गेली.

तिथे खरोखरच वसंत होता. हिरव्या टेकड्या एकमेकींच्या खांद्यावर मान टाकून पडल्या होत्या. सरूची झाडं प्रार्थनेला उभ्या केलेल्या मुलांसारखी रांगेत होती. मातीच्या मोठ्या कुंड्यांत लिंबं लगडली होती. आणि गव्हाच्या शेतात, बांधावर, पडक्या भिंतीच्या फटीत लाल लाल खसखशीची फुलं डोलत होती. वाटेत एक म्हातारी गाढवीण चरत होती.

"आजीबाई, ही बाग कोणी आखली?" वानररावांनी विचारलं.

"कुठली बाग? हे शेत आहे, बाबा."

"मग ही लाल फुलं कोणी लावली?"

"कोणीच नाही. उपटायची राहून गेली."

मोराने पिसारा फुलवला. "वानरराव, हे फार महत्त्वाचं आहे. राहून गेलेली फुलं!"

"आपल्याकडे नाही जमायचं," वानरराव म्हणाले. "आपल्याकडे राहून जाऊ देत नाहीत. त्यासाठी वेगळी समिती आहे."

"तुमच्याकडे वसंतात काय फुलतं?" गाढविणीने विचारलं.



"सांगता येणार नाही," मोर म्हणाला. "वसंतात आम्ही दौऱ्यावर असतो."

तुम्हाला हसू आलं? मला राग येतो. पण गोष्टीत रागावून चालत नाही, म्हणून पुढे जाऊ.

इकडे जंगलात चैत्राचं ऊन चढलं. टिटवी दर थोड्या वेळाने ओढ्यावर जायची, पोटाची पिसं भिजवायची आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसायची. अंडी गार राहायची. कान लावला की आत टकटक ऐकू यायची. आता फार दिवस उरले नव्हते.

आणि नेमके त्याच वेळी सिंहमहाराजांना दौऱ्याचे फोटो मिळाले.

"यात बाग कुठे आहे?" महाराजांनी विचारलं.

"मोराच्या मागे, महाराज," कोल्हा म्हणाला. तो दरबारात फोटो दाखवायच्या कामावर होता.

"आणि यात?"

"मोराच्याच मागे."

"पुरे झाला अभ्यास!" महाराज गरजले. "उद्याच्या उद्या परत बोलवा. आले की लगेच खडी टाका."

टिटवीने ते ऐकलं. 

मुलांनो, शत्रू अंड्यांजवळ आला की टिटवी काय करते माहीत आहे? पंख मोडल्याचं सोंग घेते. लंगडत, फरफटत उलट्या दिशेला पळते. शत्रूला वाटतं, आयतीच मिळाली. तो तिच्या मागे जातो आणि अंडी वाचतात. ही विद्या तिच्या आईने तिला शिकवली होती, तिच्या आईला आजीने.

टिटवी एक पंख फरफटवत दरबारात आली.

"हे काय झालं, बाई?" महाराजांनी विचारलं.

"माझं सोडा, महाराज. मला जंगलाच्या अब्रूची काळजी वाटते. आपली समिती लिंबं नीट न बघताच परत येणार?"

"लिंबं?"

"कुंडीतली. ओढ्यापलीकडच्या जंगलाची समिती कुंडीतल्या लिंबांवर महिनाभर बसून होती म्हणे. परवा त्यांचा वाघ सगळ्यांना सांगत होता. मी लहान तोंडी मोठा घास घेत नाही. ऐकलं ते सांगितलं."

महाराजांची आयाळ ताठ झाली.

"कोल्ह्या! त्यांना कळव. लिंबं बघितल्याशिवाय तोंड दाखवू नका. आणि दोन महिने बघा!"

टिटवी दरबारातून लंगडत बाहेर पडली आणि वळणावर जाताच भुर्रकन उडाली.

समिती लिंबं बघत राहिली. अंडी फुटली. टिटवीची पिल्लं मोठी हुशार. अंग वाळतं न वाळतं तोच ती गवतात पळाली.

ज्येष्ठ सरता सरता समिती परतली. माळावर खडी पडली. सरू मिळाले नाहीत म्हणून अशोकाची झाडं रांगेत लावली. टिटवीला खडी फारच आवडली. पुढच्या वर्षी अंडी घालायला याहून चांगली जागा नव्हती.

मग महाराज बाग बघायला आले, तेव्हा वानरराव पळसाखाली उभे राहिले. पळस आता हिरवागार झाला होता.

"महाराज, इटलीसारखी लाल फुलं लावायची तर हे झाड काढावं लागेल. उगाच जागा अडवतं."

टिटवीने पिल्लांकडे बघितलं. मग पळसाकडे बघितलं. आणि पुन्हा एक पंख खाली सोडला.

"महाराज," ती लंगडत पुढे येऊन म्हणाली, "झाड कसं काढावं याचा अभ्यास झाला आहे का? जपानमध्ये फार सुरेख काढतात, असं पलीकडचा वाघ सांगत होता. फक्त वसंतात जावं लागतं."

ठराव एकमताने मंजूर झाला.

तात्पर्य : अभ्यास दौऱ्यांना उधळपट्टी म्हणणाऱ्यांची जीभ झडो. समिती परदेशी असते, तोवरच जंगल सुखरूप असतं. म्हणून समितीला नेहमी लांबच्या देशी पाठवावं, आणि तिथली लिंबं संपणार नाहीत याची काळजी घ्यावी.

"ते सगळं खरं," खडकावरची घोरपड डोळा न उघडता म्हणाली, "पण येत्या फाल्गुनात पळसाचा एक फोटो काढून पाठवा रे त्यांना कोणीतरी. बिचाऱ्यांनी कधी पाहिलेलाच नाही."