नेटाची पाळी

मानवी समाज परस्परविश्वासावर उभा असतो, आणि परस्परविश्वास फोनला रेंज असेपर्यंत टिकतो. विद्वानांना हे कळायला वेळ लागला. वालूरजवळच्या आमच्या वस्तीला लॉकडाऊनच्या पहिल्याच आठवड्यात कळलं.

त्याआधी नेट ही किरकोळ बाब होती. मग शाळा फोनमध्ये आली, कीर्तन फोनमध्ये आलं, पुण्याहून परतलेली पोरं आपापल्या कंपनीसकट फोनमध्ये आली. व्यंकटरावांनी तर चुलत्याचा दहावा व्हिडिओवर उरकला (कावळ्याला मात्र प्रत्यक्ष यावं लागलं). टॉवर एकच, तोही देवगाव फाट्याच्या अंगाला. नेट इतकं रेंगाळायला लागलं, की सुलाबाईंना जावयाचं तोंड हलताना सोमवारी दिसायचं आणि आवाज मंगळवारी यायचा.

शेवटी आम्ही नागनाथमामांकडे गेलो. मामा कालव्याचे निवृत्त पाटकरी. कुणाच्या शेताला कधी पाणी सोडायचं, हे हयातभर त्यांनीच ठरवलं. त्यांनी टॉवरकडं बघितलं, वस्तीकडं बघितलं आणि निदान केलं: टॉवरजवळची घरं हेडची, म्हणजे पाटाच्या तोंडाची, तीच सगळं नेट ओढून घेतात, टेलच्या, म्हणजे शेवटाच्या घरांपर्यंत ते पोचतच नाही. इतकं शास्त्रशुद्ध उत्तर आम्हाला मोबाइल कंपनीकडूनही मिळालं नव्हतं (तिथं नुसतं गाणं वाजायचं). लगोलग नेट पाळी समिती झाली. सकाळी हेड, दुपारी मधली आळी, संध्याकाळी टेल. पुण्याहून आलेल्या भारतनं शंका काढली की नेट हवेतून येतं, पाटातून नाही.

मामा म्हणाले, "मंग वारं कोन्या अंगानं वाहायलंय?"

वारं फाट्याकडूनच होतं. भारत पाळ्यांचं वेळापत्रक लिहायला बसला.

समितीची खरी कसोटी लागली ऋतिकाच्या परीक्षेला. दगडाबाईची ही पोरगी टेलच्या अगदी शेवटच्या घरातली. नर्सिंगची प्रवेशपरीक्षा तिला फोनवरच द्यायची होती, अकरा ते बारा. ती हुकली की वर्ष वाया, आणि पोरगी आईबरोबर उसाच्या फडात. समितीनं एकमतानं ठराव केला: त्या तासात अख्ख्या वस्तीनं नेट बंद ठेवायचं, सगळं टेलला सोडायचं. माझे तर डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू.

अकराला वस्ती चिडीचूप. थोड्या वेळानं व्यंकटरावांनी, बाकीच्यांनी खरंच बंद ठेवलंय का, हे तपासायला नेट चालू केलं. ते लय भारी चालत होतं. म्हणजे सगळ्यांनी बंद ठेवलंय, अशी त्यांची खात्री पटली. ही आनंदाची बातमी त्यांनी तातडीनं ग्रुपवर टाकली. नेट बंद असताना ती वाचली कुणी, असं विचारू नका, सगळ्यांनी वाचली. सुलाबाईंनी ऋतिकाला यशस्वी भव म्हणणारा हलता गणपती धाडला. मग ज्याला त्याला आपला गणपती मागं राहील अशी धास्ती पडली. मी दोन धाडले. हे बघून मामांचं पित्त खवळलं, आणि सगळ्यांनी नेट बंद करावं असं कळकळीचं आवाहन त्यांनी स्वतः व्हिडिओवर लाइव्ह येऊन अर्धा तास केलं. वस्तीनं ते शेवटपर्यंत पाहिलं.

ऋतिकाच्या फोनवर सातवा प्रश्न गोल गोल फिरत राहिला. बाराला परीक्षा आपोआप मिटली.

संध्याकाळी मारुतीच्या पारावर अंतर ठेवून चौकशी झाली. प्रत्येकाचं म्हणणं एकच, की आपण दोनच मिनिटं चालू केलं होतं, तेही पोरीच्या काळजीनं. समितीनं सर्वांना निर्दोष ठरवलं आणि ढगाळ हवामानावर ठपका ठेवला. ऋतिका उठून उभी राहिली.

"तुमची माझ्यावर एवढी माया नसती ना मामा, तर मी पास झाले असते."

दिवाळीच्या आधी मायलेकी ऊसतोडीला गेल्या. त्यांचा ट्रॅक्टर निघताना सगळ्यांनी स्टेटस ठेवलं.

तुम्हाला आमचा राग आला असेल. यायलाच पाहिजे. तुम्ही असता तर फोन तासभर नक्की बाजूला ठेवला असता. मग ही एवढीशी गोष्ट वाचता वाचता मधेच एकदा फोन बघून आलात, ते कुणाच्या काळजीनं?