बॅनरवरची इंजिनिअर

बॅनर लागला मंगळवारी आणि हितेश पाटलाला तो नकोसा झाला बुधवारी. शिरवणे गावात आनंद आधी बॅनरवर चढतो, मग घरात येतो, ही तिथली रीतच. लेक सुचितानं इंजिनिअरिंगचा फॉर्म भरला, एवढ्यावर हितेशनं वेशीवर वीस बाय दहाचा फ्लेक्स ठोकला: ‘गावाची शान, इंजिनिअर कु. सुचिता’. वर हितेशचा, खाली अठरा शुभेच्छुकांचे फोटो, सगळे गॉगल लावलेले. कॉलेजचं उत्तर यायचं होतं, पण तेवढा धीर हितेशला कुठला!

बुधवारी सकाळी त्याचे भाडेकरू वामनराव, तळोज्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, बॅनरसमोर बराच वेळ उभे होते.

“हितेशशेठ, पोरीनं गणित कुठलं घेतलं होतं?”

“गनित म्हंजे गनित! त्यात कुठलं काय?”

“तिच्या इंटरनॅशनल शाळेत दोन असतात. साधं ते स्टँडर्ड, त्याच्या वरचं हायर. इंजिनिअरिंगला म्हणे हायरच लागतं. स्टँडर्डवाल्यांचं काही खरं नाही.”

हितेश धावतच घरी आला. सुचिता वाशीला गेली होती.

“स्टँडर्डच घेतलंय,” बायको संध्या म्हणाली. “शाळेच्या फॉर्मवर सही तुमीच केलीत.”

“मी कवा वाचून सही करतो!”

पोरीला फोन करायची त्याची छाती होईना. दोन वर्षं ती इंजिनिअर व्हायचंच म्हणून बसली होती, आणि आपल्या एका सहीनं सगळं पाण्यात? आणि उद्या गाव हसलं तर तिनं तोंड कुठं दाखवायचं! बॅनर काढावा, तर अठरा जण कारण विचारणार. मग त्यानं फ्लेक्सवाल्या शिवाला गाठलं.

“नुसतं ‘इंजिनिअर’ झाकेल अशी पट्टी मार.”

“नवीन छापायला उद्या उजाडेल, शेठ. ही एक तयार हाय, मापात बसते.”

“मार मग! वाचत कोन बसतंय?”

पट्टीवर होतं, ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’.

सगळ्या गावानं वाचलं. चार वाजता पहिला शुभेच्छुक बंडू केक घेऊन हजर. “पोरीचा बड्डे आन आमाला सांगत नाय?” सहापर्यंत सात केक झाले, शाली आल्या, आणि कुणी न बोलावता बेंजोवालेही आले. संध्यानं कपाळावर हात मारला आणि कोलंबीचं मोठं पातेलं चढवलं. खरं सांगावं तर सहीचं निघेल, म्हणून हितेश एकेक केक आत नेऊन ठेवत राहिला.

तेवढ्यात सुचिता दारात. “पप्पा, माझा बड्डे जानेवारीत असतो ना?”

हितेशचा बांध फुटला. सगळ्यांसमोर त्यानं सांगून टाकलं, सही, गणित, पट्टी, सगळं. “माझ्यामुलं तुझं वाटोलं झालं गो!”

सुचिता हसायलाच लागली. “अहो पप्पा, तेच विचारायला तर मी कॉलेजच्या ऑफिसात गेले होते. स्टँडर्ड चालतं तिथं. मार्क चांगले आहेत, अ‍ॅडमिशन पक्की झाली! फक्त आमचं कॅल्क्युलस कमी झालंय, म्हणून आधी सहा आठवडे जादा क्लास. टेन्शन आहे थोडं, पण जमेल.”

“मंग वामनराव बोलले ते?”

सगळ्यांच्या माना वळल्या. वामनरावांच्या मिशीला क्रीम लागलं होतं.

“म्हणजे… काही कॉलेजांत लागतं हायर. हिच्या कॉलेजात लागतं का, ते मला तरी कुठं ठाऊक होतं?” त्यांनी बशी खाली ठेवली. “बारा वर्षं तुमच्याकडे राहतोय, हितेशशेठ. दहावीपर्यंत या पोरीचं गणित मी घेतलं. आणि बॅनरवर अठरा फोटो, त्यात मी नाही! हा बंडू तर तिला ओळखतसुद्धा नाही!”

“ओलखतो ना,” बंडू म्हणाला. “आज बड्डे हाय तिचा.”

हितेशला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं वामनरावांचे हात धरले. “चुकलो, काका.”

“काका, तुम्हीच शिकवा मला कॅल्क्युलस,” सुचिता म्हणाली. “क्लास सुरू व्हायच्या आत.”

वामनरावांनी मिशी पुसली. “उद्या पाच वाजता. वही कोरी आण.”

दुसऱ्या दिवशी नवा बॅनर लागला. या वेळी हितेशनं छापायच्या आधी अक्षरन् अक्षर वाचलं. सुचिताच्या हट्टानं ‘इंजिनिअर’च्या आधी ‘होणारी’ आलं होतं आणि हितेशच्या फोटोच्या जागी वामनराव आले होते, खाली ‘गुरुवर्य’.

बरोबर पाचला वामनराव शिकवायला आले. डोळ्यांवर नवाकोरा गॉगल होता.