पाटीमागची अगाथा

रविवारी सकाळी ओटमार कीफरने अगाथाचं घर घासायला काढलं आणि तिथेच त्याचे ग्रह फिरले.

अगाथा म्हणजे मुंगळ्यांची राणी. चार वर्षांपूर्वी जूनमध्ये ओटमारची बायको हायके दोन सुटकेस घेऊन गेली, आणि दुसऱ्या दिवशी जंगलात भटकताना ही त्याला वाटेवर सापडली. चष्म्याच्या डबीत घालून तो तिला घरी घेऊन आला. आता काचेच्या पेटीत तिचा अडीचशेचा संसार होता. ह्या घरात येऊन टिकलेली ती एकटीच, असं ओटमार म्हणायचा, आणि त्याचा तिच्यावर खरोखरच जीव होता.

अडचण एवढीच, की भाडेकरारात लिहिलं होतं: प्राणी पाळायचा तर मालकाची परवानगी हवी. मालक राहायचा लांब, त्याचे डोळे आणि कान म्हणजे तळमजल्यावरच्या फ्लायडररबाई. मागच्या वर्षी ह्याच बाईंनी वरच्या बिऱ्हाडातला पोपट शिट्टी वाजवतो म्हणून त्याला गावाबाहेर धाडलं होतं. त्यामुळे अगाथासाठी परवानगी मागायचा प्रश्नच नव्हता.

पेटीची सफाई तो नेटाने करायचा. मऊ कुंचला, लांब चिमटा आणि तोंडाने ओढायची नळी. नळीचं एक टोक मुंगळ्यावर धरायचं, दुसरं तोंडात, मध्ये बाटली. श्वास आत ओढला की मुंगळा बाटलीत. तोंडाकडच्या टोकाला बारीक जाळी असते, म्हणून पोटात नाही. शेवटी टाल्कम पावडर स्पिरिटमध्ये कालवून पेटीच्या काठाला लावायची. तिच्यावर मुंगळ्यांचे पाय घसरतात आणि कुणी बाहेर येत नाही.

काठ वाळावा म्हणून त्याने पेटी बाहेर जिन्याच्या खिडकीत, उन्हात ठेवली. तेवढ्यात खालून चपला वाजल्या. ओटमारने हाताला लागलं ते स्वयंपाकघराचं फडकं पेटीवर टाकलं आणि स्वतः पुढे उभा राहिला. फडक्याचं एक टोक आत लोंबत होतं आणि दुसरं बाहेर, हे त्याला दिसलं नाही. मुंगळ्यांना दिसलं.

फ्लायडररबाई केराच्या आठवड्याबद्दल बोलायला आल्या होत्या. त्या आठवड्यात जिना, तळघराची वाट आणि फुटपाथ झाडायची पाळी ओटमारची होती. त्याच्या दारावर तशी पाटी लटकत होती. पाटी बाईंच्या दिवंगत यजमानांनी हाताने केलेली, जाड लाकडाची, मागे पाळ्यांची यादी ठेवायला पोकळ खण. रविवारी संध्याकाळी सहाला ती पुढच्या दारावर जायची, आणि पुढचं दार बाईंचंच होतं. म्हणून घाण आपल्या गळ्यात पडू नये ह्यासाठी त्या कोपरे बघायला आल्या होत्या. तिसऱ्या पायरीचा, सातव्या पायरीचा आणि कठड्याखालचा, असे तीन कोपरे त्यांना पसंत नव्हते. हे सांगायला त्यांना अर्धा तास लागला.

त्या खाली गेल्यावर ओटमारने फडकं उचललं. पेटीत सात मुंगळे होते.

व्हॅक्यूम क्लीनर काढावा, हा पहिला विचार. पण रविवार होता. रविवारी ह्या इमारतीत खिळा ठोकला तरी बाई बेल वाजवायच्या. व्हॅक्यूम लावला असता तर पोपटाच्या मागोमाग ओटमारही गावाबाहेर गेला असता. आवाज न करणारं एकच यंत्र त्याच्याकडे होतं. त्याने नळी तोंडात धरली आणि गुडघ्यांवर बसून जिना ओढायला सुरुवात केली.

पायरी, कठडा, पायपुसणं, सायकलचं सीट. मुंगळे चिडले की आंबट फवारा मारतात. पन्नासाव्या मुंगळ्यानंतर ओटमारच्या जिभेला व्हिनेगर चाटल्यासारखं झालं आणि डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. सातव्या पायरीवर जाळी निसटली आणि एक मुंगळा बाटली चुकवून थेट त्याच्या तोंडात आला. नेमक्या त्याच वेळी फ्लायडररबाई पुन्हा समोर उभ्या राहिल्या.

"कीफरसाहेब, हे काय चाललंय?"

ओटमारने बाटली पाठीमागे नेली आणि तोंड घट्ट मिटलं. आत मुंगळा दाढांची पाहणी करत होता. ओटमार कवळ्या बनवायचा, लोकांच्या तोंडात काय काय सापडतं ते त्याला ठाऊक होतं, पण हे नवीन होतं. त्याने नळी सातव्या पायरीच्या कोपऱ्याकडे दाखवली.

"कोपऱ्यातली धूळ ओढताय? नळीने?"

"हम्म," ओटमार म्हणाला.

"तोंडाने?"

"हम्म."

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. त्याच्या पाणावलेल्या डोळ्यांकडे, मग जिन्याकडे. "आमच्या ह्यांच्यानंतर असा माणूस पाहिला नाही," असं म्हणून त्या खाली गेल्या.

दुपारी चारपर्यंत बाटलीत दोनशे तीस मुंगळे होते आणि अगाथा नव्हती. ओटमार दारापुढच्या पायरीवर डोकं धरून बसला. आता त्याला खरंच रडू येत होतं. मग त्याला आपल्या दाराच्या चौकटीवरून एक बारीक रांग वर जाताना दिसली. रांगेतला प्रत्येक जण एकेक पांढरं पिल्लू तोंडात धरून पाटीमागे शिरत होता. टॉर्च मारला तर अगाथा खणात पाळ्यांच्या यादीवर ऐसपैस बसलेली. जुनं, सुकं, अंधारं लाकूड. मुंगळ्यांना ह्यापेक्षा चांगली जागा मिळाली नसती.

आता मुंगळे पाळणाऱ्या कुणालाही विचारा, राणीला चिमट्याने ओढून काढता येत नाही, ती दुखावते. ओल्या कापसाची काळोखी नळी शेजारी लावायची, खाणं फक्त त्या नळीत ठेवायचं, आणि ती आपल्या पायांनी जाईपर्यंत वाट बघायची. पण पाटी सहाला बाईंच्या दारावर जाणार होती. घरात लपवायचीही सोय नव्हती, ती दारावर दिसायलाच हवी होती. दुसरी तशीच करून लावावी तर बाईंना यजमानांच्या लाकडातली गाठ अन् गाठ पाठ होती.

सहाला पाच कमी असताना ओटमारने खाली जाऊन सांगितलं, की पुढचा आठवडाही मीच करतो.

चाळीस वर्षांत असं कुणी म्हणालं नव्हतं. "तब्येत बरी आहे ना?" बाईंनी विचारलं.

"व्यायाम होतो," ओटमार म्हणाला.

बाटलीतले दोनशे तीस त्याला शेवटी त्यांच्या आईकडे, पाटीमागेच सोडावे लागले. त्याने पाटीभोवती दारावर पावडरचं पांढरं कडं रंगवलं, खालच्या फटीला ओल्या कापसाची नळी जोडली आणि नळीत साखरेचं पाणी ठेवलं. बाईंनी त्या कड्याबद्दल काहीच विचारलं नाही. हे खरं तर तेव्हाच खटकायला हवं होतं.

दोन दिवसांत भुकेने येतील, असा त्याचा हिशेब. आठवडा गेला, कुणी फिरकलं नाही. दुसरा गेला, तिसरा गेला. साखरेचं पाणी बदलून तो मध ठेवू लागला, मग मेलेली माशी, मग सॉसेजचा तुकडा. नळीत कुणी पाऊल ठेवेना. पाटी हलेना, म्हणून पाळीही हलेना. ऑगस्ट संपला, फुटपाथवरच्या लिंडनच्या झाडांची पानं गळू लागली आणि ओटमार रोज कामावर जाण्याआधी ती पोत्यात भरू लागला. बाई खिडकीतून बोट दाखवायच्या, "तिकडे एक राहिलं." वरचं बिऱ्हाड त्याला नमस्कार करू लागलं. कधी कधी त्याला वाटायचं, उपाशी मरून जाईल अगाथा, आणि दोष आपला असेल. मग तो टॉर्च मारून बघायचा, तर पिल्लं पहिल्यापेक्षा दुप्पट.

नवव्या आठवड्यात कामाच्या ठिकाणची दात भाजायची भट्टी बिघडली आणि ओटमार जेवणाआधीच घरी परतला. वर आला तर त्याच्या दारासमोर स्टूल, स्टुलावर फ्लायडररबाई. एका हातात मधाची बरणी, दुसऱ्या हातात चमचा, आणि चमचा पाटीच्या वरच्या फटीला लावलेला.

बाई दचकल्या नाहीत. त्यांनी थेंब पूर्ण आत जाऊ दिला, मग वळल्या.

"तुम्हाला माहीत होतं?" ओटमारने विचारलं.

"पहिल्याच रविवारी कळलं. तुम्ही हम्म म्हणालात ना, तेव्हा एक तुमच्या ओठांतून बाहेर आला आणि परत आत गेला."

ओटमारचा हात आपसूक ओठांवर गेला. "मग मालकांना..."

"मालकांना सांगून जिना मी पुसू? ह्या गुडघ्यांनी?"

"म्हणजे नऊ आठवडे तुम्ही त्यांना..."

"सकाळी एक थेंब. रविवारी दोन," बाई म्हणाल्या. "जंगलातला मध आहे, तुमच्यासारखा दुकानातला पाणचट नाही."

ओटमारला संताप यायला हवा होता, आणि तो आलाही, पण दुप्पट पिल्लं आठवून अर्ध्यातच बसला. तरी तो ठामपणे म्हणाला, की आता पुरे. थंडीत मुंगळे झोपतात, त्यांना मध लागत नाही. अगाथा झोपली की नोव्हेंबरमध्ये मी तिला काढणार, आणि पाटी तुमच्या दारावर येणार.

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या आणि ओटमारचा हात धरून स्टुलावरून उतरल्या. "झोपायला कुठे ठेवता?"

"फ्रिजमध्ये. थंड आणि काळोख लागतो. पण तो सारखा उघडावा लागतो, दर वर्षी थोडे मरतात."

बाईंनी बरणीचं झाकण लावलं. "तळघर थंडही आहे आणि काळोखही. किल्ली माझ्याकडे असते. मार्चपर्यंत ठेवा खुशाल तिथे, पाटीसकट."

"पाटीसकट?"

"झोपलेल्या बाईला उठवतात का कुणी?" फ्लायडररबाईंनी पाटी बोटाने सरळ केली आणि जिना उतरू लागल्या. "फक्त तोवर पाळी तुमचीच, तेव्हा फुटपाथवरचा बर्फ तेवढा काढत जा. पहाटे, सातच्या आत."

 ओटमारने खाली वाकून पायपुसणं सरळ केलं.