डब्याच्या बुडाखाली

"फोन उघडनार नाई म्हंजे नाई!" शेषरावांनी चौकीतल्या टेबलावर हात आपटला. हाताला चांगलंच लागलं, पण तत्त्वाचा प्रश्न असल्यामुळे त्यांनी तोंड वाकडं केलं नाही.

प्रकरण घंटेचं होतं. अकोल्याच्या जुन्या शहरातल्या त्यांच्या गल्लीतल्या मारुतीची पितळी घंटा सकाळी सातला चोरीस गेली. घंटा साधीसुधी नव्हे. तिच्या आवाजावर अमरावतीचे लोक घड्याळं लावत. खोटं वाटत असेल तर अमरावतीत जाऊन पाहा, आता तिथं एकाचंही घड्याळ बरोबर नाही. शेषराव रोज त्याच वेळी मंदिराकडे फिरायला जाऊन फोटो काढतात, हे गल्लीला ठाऊक. म्हणून किशोर जमादारानं त्यांना बोलावलं होतं.

"काका, एखाद्या फोटोत चोर दिसंल. लपवन्यासारखं काई नाई तं भेता काहून?"

"तुमच्या घरी न्हानीले कडी हाय ना? थे काहून लावता?"

"साहेबाचा हुकूम आनू का?"

"आना. फोन जप्त करा, फोडा. नंबर भेटनार नाई!"

खरं सांगायचं तर नंबर त्यांच्याही डोक्यात नव्हता. दोनदा ते विसरले, दोनदा खुशी नावाच्या नातीनं फोन कोरा करून दिला. तेव्हापासून नंबर त्यांनी भलत्याच पक्क्या जागी ठेवला होता. आणि फोनात होत्या कचोऱ्या. डॉक्टरांनी तळलेलं बंद केल्यावर बायकोसमोर त्यांनी देवाची शपथ घेतली होती. रोज सकाळी मात्र कचोरीसोबत सेल्फी काढून ते नांदगाव खंडेश्वरच्या मित्राला, जयवंताला, जळवण्यासाठी पाठवत.

दुपारी त्यांची बायको केशरबाई डबा घेऊन चौकीत आल्या. "सकायपासून उपाशी हायेत हे," त्या किशोरला म्हणाल्या अन् नवऱ्याकडे वळल्या. "अवो, उघडून द्या ना थो फोन! तुमीच चोरावानी दिसून रायले."

"केशर, हा तत्त्वाचा प्रश्न हाय."

"तत्त्व गेलं चुलीत. देवाची घंटा गेली!"

शेषराव जेवले. केशरबाईंनी रिकामा डबा पालथा केला. घरातल्या प्रत्येक भांड्यावर असतं तसं बुडाखाली नाव कोरलेलं होतं, अन् त्याखाली 'फोन ४१७३०९'.

"रोज घासतो मी हा डबा," त्या सावकाश म्हणाल्या. "सा आकड्याचा फोन कोनाचा असते, हे कोडं सा महिन्यांपासून पडलं होतं मले."

शेषराव डब्यावर झेपावले. तोवर किशोरनं आकडे दाबलेही होते.

फोनात आजचा फोटो निघाला: सकाळी सात वाजून पाच मिनिटं. शेषराव, फुगलेले गाल, हाती कचोरी.

"फिरून रायले होते ना?" केशरबाईंनी विचारलं.

मागे एक माणूस पोतं घेऊन चाललेला. पोत्यातून घंटेची पितळी कड डोकावत होती. "सापडला!" किशोर ओरडला अन् त्यानं फोटो मोठा केला. चोर आणि शेषरावांचा कान यांच्या मधल्या बाकावर, चोराकडे पाठ करून, एक खाकी वर्दी कचोरी खात बसली होती. टेबलावरच्या डायरीत किशोरच्याच अक्षरात लिहिलं होतं: सात ते आठ, मंदिरापाशी गस्त.

किशोरनं फोन हळूच पालथा ठेवला. "काका, तुमचंच बराबर हाय. लोकायच्या खाजगी फोनात पोलिसानं डोकावू नाई."

"मंग मी डोकावतो," म्हणत केशरबाईंनी फोन उचलला आणि फोटो गल्लीच्या ग्रुपवर टाकला.

गल्लीनं चोराला ओळखलं अन् संध्याकाळी घंटा परत आली. आता रोज सातला मंदिरापाशी दोघं असतात. जमादाराच्या हाती दंडा, शेषरावांच्या हाती कारल्याचा रस. रिकामं तोंड उघडून दोघांनी काढलेला फोटो केशरबाईंना जातो.

केशरबाईंनीही खुशीकडून आपल्या फोनला कुलूप लावून घेतलंय. नंबर कोणत्या भांड्यावर कोरलाय ते त्या सांगत नाहीत. म्हणून हल्ली घरातली सगळी भांडी शेषरावच घासतात.