माळ्यावरचा पंप

सायकलच्या चाकात हवा भरायला पंप बरा की गॅसचं कार्ट्रिज, या प्रश्नावर माणसाचा संसार पणाला लागू शकतो, हे लग्नात मला कुणी सांगितलं नव्हतं. (सांगितलंही असेल. मी तेव्हा बोलत असणार.)

झालं असं, की लेक नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली आणि घर एकदम मोठं झालं. संध्याकाळी मी आणि बायको समोरासमोर बसायचो, आणि लेकीच्या खोलीतला दिवा बंद आहे ना, हे आळीपाळीने बघून यायचो. अशाच एका संध्याकाळी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालता घालता ही म्हणाली, "तळ्यावर जाऊन किती वर्षं झाली हो?"

लग्न नवं होतं तेव्हा दर रविवारी आम्ही सायकलींवर गावाबाहेरच्या तळ्यावर जायचो. ही पुढे, मी मागे. वळण आलं की ती घंटी वाजवायची, म्हणजे 'आहात ना?' मी वाजवायचो, म्हणजे 'आहे, आहे.' मग लेक झाली, मग बढती, मग गुडघे. सायकली गॅलरीत गेल्या आणि त्यांच्यावर टॉवेल वाळायला लागले. पण ऑफिसात फाइली चाळताना ती घंटी मला अजून मध्येच ऐकू येते, आणि मी मान वर करून बघतो. समोर साहेब असतात. खोटं कशाला सांगू, ती घंटी पुन्हा ऐकायला मी काय वाट्टेल ते केलं असतं.

"या रविवारी जाऊ!" मी म्हणालो.

"खरंच?" तिने एवढंच विचारलं, आणि घडी घातलेला टॉवेल उलगडून पुन्हा घडी घातली.

त्या जुन्या रविवारांत खडा एकच होता. तळ्यावर पोचून जरा टेकलो, की माझ्या सायकलचं चाक हमखास बसायचं. काटा कधी सापडला नाही, पण अर्धी सकाळ मी पंप मारण्यात घालवायचो. बायको बघतेय तळ्याकडे आणि मी बघतोय व्हॉल्व्हकडे! या वेळी असला वेळ वाया घालवायचा नाही, असं ठरवून मी सायकलचं दुकान गाठलं.

दुकानदाराने पंप आणि बोटभर लांबीचं गॅसचं नळकांडं, म्हणजे कार्ट्रिज, अशा दोन्ही वस्तू पुढे ठेवल्या. "पंपाला कष्ट पडतात, पण तो कितीदाही चालतो. हे कार्ट्रिज एकदाच चालतं, पण लावलं की फुस्स! चाक तयार. फक्त एक लक्षात ठेवा साहेब, यातला गॅस..."

"गॅसचं मला नका सांगू," मी म्हणालो, आणि आमच्या ऑफिसात आग विझवायची नळकांडी कशी आली, कुणी आणली आणि शिपायाने ती कुणावर उडवली, हे सगळं त्याला सविस्तर सांगितलं. त्याने दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. शेवटी मुकाट्याने कार्ट्रिजं पिशवीत घातली.

शनिवारी संध्याकाळीच मी भरायला बसलो. सकाळी उठायचं आणि निघायचं! पहिलंच कार्ट्रिज असं गार पडलं, की बोटं त्याला चिकटली.

"अगं, सोडव!"

"कुणाला सोडवू? तुम्हाला की त्याला?" असं म्हणत तिने कोमट पाणी ओतलं.

माझी बोंब ऐकून वरच्या मजल्यावरचे रिटायर्ड पोस्टमास्तर धावत आले. "काय फुटलं?"

"फुटलं नाही, भरलं!" मी म्हणालो. सगळी चाकं टणक झाल्यावर उरलेलं कार्ट्रिजही मी त्यांच्यासमोर उडवून दाखवलं.

"हे कशात भरलं?" त्यांनी विचारलं.

"कशातच नाही. तुम्हाला दाखवलं."

"म्हणजे वाया घालवलंत," म्हणत ते जिना चढून गेले. (माणूस हेकट आहे.)

रविवारी सकाळी बघतो तर चारही चाकं पावासारखी मऊ! हा गॅस रबरातून झिरपून जातो, भरला की लगेच निघायचं असतं, हे पिशवीतल्या कागदावर बारीक अक्षरात लिहिलं होतं. दुकानदार तेच सांगत होता. आज दुकान बंद. आणि बायको केस घट्ट बांधून, जुने कॅनव्हासचे बूट घालून दारात उभी. तिला तसं बघून मला खरंच रडू यायला लागलं.

ती आत गेली, स्टुलावर चढली आणि माळ्यावरून आमचा जुना पंप घेऊन आली.

"हा मी भंगारात द्यायला सांगितला होता ना?"

"सांगितला होतात," ती म्हणाली. "नाही दिला."

पंप मारून मारून माझी पाठ धरली. पण पंप सायकलला अडकवून निघालो. पहिल्याच वळणावर पुढून घंटी वाजली. मी उत्तर दिलं, पण समोरचा रस्ता मला जरा धूसरच दिसत होता.

तळं होतं तसंच होतं. आम्ही काठावर बसलो आणि मी तिला साहेबांनी टेबल बदलल्याची हकिगत सांगायला घेतली. मध्येच घसा कोरडा पडला म्हणून नळावर जाऊन आलो. बघतो तर मागचं चाक बसलेलं!

"काटा!" मी ओरडलो.

"काटा नाही," बायको म्हणाली. तिच्या हातात व्हॉल्व्हची टोपी होती.

"म्हणजे... तेव्हासुद्धा?"

"दर वेळी नाही हो. तुम्ही ऑफिसचं काढलंत, तरच." ती तळ्याकडे बघत राहिली. "पंप मारताना तुम्हाला बोलवत नाही. घामेजलेले, गप्प, माझ्या शेजारी. एवढी वर्षं तेवढ्याचीच आठवण यायची मला."

यावर मला पुष्कळ बोलायचं होतं. पण पंप हातात आला होता आणि दम लागला होता.

"सावकाश मारा," ती म्हणाली. "पुढच्याचीही हवा सोडलीय."